चालवायची, बदलायची की जपायची? ३५६ मैलांची रोल्स-रॉइस आणि लातूरची फियाट

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसंच्या तसं.)

मागच्या काही भागांत आपण निजामाच्या काळातले रस्ते, रेल्वे आणि करोडगिरी नाके बघितले. आजचा विषय त्याच रस्त्यावरचा आहे, पण थोडा वेगळा. जुनी गाडी. तीही फार न चाललेली जुनी गाडी. अशी गाडी घरात असली की तीन मतं पडतात. एक म्हणतो चालवा. दुसरा म्हणतो तिला नवं इंजिन, नवे व्हील, एसी टाका. तिसरा म्हणतो हात लावू नका, झाकून ठेवा. आणि चौथा असतोच, जो म्हणतो भंगारात द्या, जागा तरी मोकळी होईल!

हा प्रश्न आजचा वाटतो, पण याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. आणि त्याची सुरुवात आपल्या मराठवाड्याच्या जुन्या राजधानीत, म्हणजे हैदराबादेत होते.

न चाललेली गाडी

हैदराबादला चौमहल्ला पॅलेस बघायला गेलात तर तिथे एक पिवळी रोल्स-रॉइस दिसेल. १९१२ ची सिल्व्हर घोस्ट. ती मागवली सहाव्या निजामानं, मीर महबूब अली खान यांनी. पण गाडी तयार होण्याआधीच, ऑगस्ट १९११ मध्ये त्यांचं निधन झालं. गाडी आली ती सातव्या निजामाकडे, मीर उस्मान अली खान यांच्याकडे. लंडनच्या बार्कर कंपनीनं तिची बॉडी बांधली. मागचं आसन उंच, सिंहासनासारखं. म्हणूनच तिला थ्रोन कार म्हणतात. रंग पिवळा, कारण आसफजाही घराण्याचा रंग पिवळा.

ही गाडी फक्त समारंभाला बाहेर निघायची. संस्थान संपेपर्यंत ती एकूण किती चालली? तिच्याबद्दल नेहमी दिला जाणारा आकडा आहे ३५६ मैल. म्हणजे साधारण ५७३ किलोमीटर.

आता हे आपल्या हिशोबात बसवून बघा. हैदराबाद ते नांदेड रस्त्यानं पावणेतीनशे-ऐंशी किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन एक फेरी. तीस-पस्तीस वर्षांत त्या गाडीचा जो प्रवास झाला, तेवढा आज नांदेडचा एखादा कापड दुकानदार दिवाळीच्या खरेदीला एका दिवसात करतो.

त्याच काळात संस्थानातली साधी माणसं कशानं फिरत होती? बैलगाडी, पायी, रेल्वे जिथे होती तिथे रेल्वे. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्यानं बससेवा सुरू केली, ती २७ बसनं. अख्ख्या संस्थानासाठी सत्तावीस! त्या चालल्या, खडखडल्या, झिजल्या. काम करणारी गाडी झिजते, दाखवायची गाडी टिकते. इतिहासात मागे काय उरतं हे बऱ्याचदा असंच ठरतं. राजाची न वापरलेली वस्तू म्युझियममध्ये जाते आणि लोकांनी वापरलेली वस्तू भंगारात. म्हणून कमी चाललेली गाडी बघितली की मला पहिला प्रश्न पडतो, ती का कमी चालली? ऐपत जास्त होती म्हणून, की पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून, की चालवणारा माणूसच गेला म्हणून? त्या आकड्यामागं काहीतरी घडलेलं असतं.

सोलापूरचा माणूस, कुर्ल्याची गाडी

आता राजाकडून प्रजेकडे येऊ. तुमच्या-माझ्या घरात रोल्स-रॉइस नसणार. असलीच तर फियाट असणार. आपल्याकडे पद्मिनीला पद्मिनी कोण म्हणतं? सगळे फियाटच म्हणतात.

या गाडीमागं लातूरच्या शेजारचा माणूस आहे. वालचंद हिराचंद. जन्म सोलापूरचा, १८८२ चा. जहाज, विमान आणि मोटार, या तिन्ही गोष्टी भारतात झाल्या पाहिजेत हे त्यांच्या डोक्यात होतं. १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन, १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. इंग्रज सरकारला भारतात मोटार कारखाना नको होता, त्यामुळे परवानगी आणि मदत मिळवताना वर्षं गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जायच्या. मग फियाटशी करार झाला आणि पन्नासच्या दशकात फियाट ११०० आली. तिचं नाक पुढं आलेलं, म्हणून लोकांनी तिला नाव दिलं डुक्कर फियाट. नाव ठेवण्यात आपण कधी कमी पडलोय?

१९६४ ला नवं मॉडेल आलं, चौकोनी अंगाचं, फियाट ११०० डिलाइट. सत्तरच्या दशकात फियाटचा परवाना संपला, तेव्हा तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, तेही स्टिअरिंगच्या दांड्यावर. चारही चाकांना ड्रम ब्रेक. इटलीत ही गाडी साठच्या दशकातच मागे पडली. कुर्ल्यात ती जवळपास २००० सालापर्यंत निघत राहिली.

याचं कारण परवाना राज. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवणार, त्यामुळे कंपनीला स्पर्धा नाही आणि गिऱ्हाइकाला पर्याय नाही. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबरची वाट बघायची. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि हे चित्र हळूहळू बदललं. पण त्याआधी ज्या घरात फियाट आली, त्या घरानं ती खर्च म्हणून नाही, स्थावर मालमत्ता म्हणून घेतली. शेत, घर, सोनं, फियाट. म्हणून तर ती जपून वापरली. रविवारी धुवायची, लग्नाला काढायची, तुळजापूरला न्यायची, एरवी झाकून ठेवायची. मराठवाड्यातल्या कमी चाललेल्या फियाटी अशा तयार झाल्या.

तीन गाड्या, तीन नशिबं

इतिहासात या तीनही वाटांची उदाहरणं आहेत.

जपलेली फियाट बघायची तर दिल्लीला जा. लालबहादूर शास्त्रींच्या स्मारकात त्यांची १९६४ ची फियाट ठेवली आहे. गाडीची किंमत १२ हजार. शास्त्रीजींकडे तेवढे नव्हते, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून ५ हजारांचं कर्ज घेतलं. १९६६ मध्ये ताश्कंदला ते गेले, कर्ज राहिलं. ते पुढं ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. आता सांगा, त्या गाडीला कुणी चकाचक अलॉय व्हील बसवले असते तर? गाडी छान दिसली असती, पण पंतप्रधानाला कर्ज काढून घ्यावी लागली तशी साधी गाडी ती राहिली नसती.

बदललेली फियाट म्हणजे मुंबईची काळी-पिवळी. १९९९ मध्ये मुंबईच्या धुराच्या प्रश्नावर उच्च न्यायालयानं लाल समिती नेमली, आणि त्यानंतरच्या काळात हजारो टॅक्सी सीएनजीवर गेल्या. डिकीत सिलिंडर आला, प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर गेल्या. हा बदल हौसेचा नव्हता, पोटाचा होता. आणि त्यामुळे त्या गाड्यांचं आयुष्य वाढलं हे मान्यच करावं लागेल. बदल म्हणजे वाईटच, असं मी अजिबात म्हणणार नाही.

आणि शेवटपर्यंत चालवलेली फियाट? तीही तीच टॅक्सी. सरकारनं टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा घातली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. बरोबर २० वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, तिचा रस्ता संपला. निदान एक तरी टॅक्सी जपा, अशी मागणी टॅक्सी युनियननं सरकारकडे केली होती. गंमत बघा. एकेकाळी मुंबईत जिकडे बघावं तिकडे ही गाडी होती, आणि एक जपायची वेळ आली तर अर्ज करावा लागला. जी गोष्ट सगळीकडे असते ती जपावी असं कुणाला वाटत नाही, आणि वाटतं तोवर ती संपलेली असते.

आता लातूरची गाडी

हा सगळा विचार मी का करतोय, तर आमच्या मामांकडे लातूरला एक पद्मिनी आहे. १९८८ ची, तीन अक्षरांच्या जुन्या नंबर प्लेटची. मीटरवर ४१ हजार किलोमीटर. आजोबांनी घेतलेली. ते गेल्यावर ती फारशी बाहेर निघाली नाही. आता मामा घर पाडून वर मजला चढवतायत, गाडीचं शेड जाणार. म्हणजे निर्णय लांबवायची सोय उरली नाही.

घरात मतं तीच, जी मी सुरुवातीला सांगितली. मामेभावाला तिच्यात मारुतीचं इंजिन, फ्लोअर गिअर, डिस्क ब्रेक आणि मॅट रंग पाहिजे. "दादा, रील बघ ना, पुण्यात कसल्या करायलेत लोकं!" मामा म्हणतात, "आण्णांची आठवण हाय, तिला हात लावायचा नाही. नव्या घराच्या पोर्चमधी उभी करू." आणि आजी म्हणते, "उभ्या गाडीला काय बघायचं? गाडी हाय तर चालली पायजे."

आणि वादाचा खरा मुद्दा आहे टपावरचा एक मोठा पोचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. किल्लारीचा भूकंप. लातूर-उस्मानाबादमधली सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या आठवड्यात आजोबा या गाडीतून औशामार्गे किल्लारीच्या बाजूला फेऱ्या मारत होते. आत औषधं आणि भाकरी, टपावर पत्रे आणि बाजा बांधलेल्या. त्या ओझ्यानं टप दबला. आजोबांनी तो कधी सरळ करून घेतला नाही. मामेभावाच्या यादीत पहिलं काम आहे डेंटिंग-पेंटिंग.

इथे इतिहासाचा अभ्यास कामाला येतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, म्हणजे फिवानं, ट्युरिन सनद म्हणून एक मसुदा केला आहे. जुन्या इमारती कशा जपाव्यात यासाठी १९६४ ची व्हेनिस सनद आहे, तिच्यावरून प्रेरणा घेतलेला. त्यातला मला पटलेला विचार असा, की गाडी कारखान्यातून निघाली तेवढाच तिचा इतिहास नाही. वापरात असताना तिच्यावर जे घडलं, तोही तिचा इतिहास. आणि गाडी चालती ठेवणं हा जतनाचाच भाग, कारण ती चालवायचं आणि दुरुस्त करायचं ज्ञानही त्यामुळे जिवंत राहतं. म्हणजे मामांचंही थोडं बरोबर आणि आजीचंही.

त्या हिशोबानं बघितलं तर टपावरचा पोचा हे नुकसान नाही, कागदपत्र आहे. किल्लारीचे फोटो, सरकारी अहवाल आहेत. पण एका साध्या घरानं त्या आठवड्यात काय केलं याची नोंद कुठं आहे? त्या पत्र्यात आहे. तो सरळ केला की गाडी नवी दिसेल आणि साक्ष पुसली जाईल.

उभी गाडी का मरते

आता मामांचं जे म्हणणं, पोर्चमध्ये उभी करू, त्याबद्दल. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा आपला मोठा गैरसमज. ४१ हजार हा आकडा इंजिनच्या झिजेबद्दल सांगतो, बाकी गाडीबद्दल काहीच नाही.

आपल्या भागातली एक गोष्ट चांगली. हवा कोरडी. २०१६ मध्ये जिथे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातुरात पत्रा मुंबई-कोकणासारखा गंजत नाही. पण तीच कोरडी हवा आणि उन्हाळा रबर खातो. दरवाज्यांची रबरं, पेट्रोलचे पाइप, ऑइल सील सगळं कडक होऊन तडकतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, मग आतून व्हील सिलिंडर गंजून जाम होतात. टाकीतलं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरची बारीक भोकं बुजवतं. टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. आणि उंदीर! वायरिंग त्यांना फार आवडतं.

पेट्रोलचाही इतिहास आहे. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसंविरहित पेट्रोलच मिळतं. जुन्या इंजिनात शिसं वॉल्व्हच्या सीटला आधार द्यायचं. ते गेलं, त्यामुळे जोरात आणि लांब चालवायची असेल तर कडक सीट बसवाव्या लागतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल पाणी धरतं आणि जुन्या प्रकारचं रबर फुगवतं. म्हणजे बघा, मांजरा पट्ट्यातल्या आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच आजोबांच्या फियाटचे पाइप सडवू शकतं. उपाय आहे, इथेनॉल सोसणारे नवे पाइप आणि गॅस्केट. खर्च फार नाही, पण लक्षात राहिलं पाहिजे.

थोडक्यात, पूर्ण उभी ठेवणं हे जतन नाही. गाडी सावकाश मरत असते आणि बाहेरून दिसत नाही, एवढंच.

कायदा काय म्हणतो

आता आरटीओ. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर ५ वर्षांनी पासिंग. आपल्याकडे खूप जण विचारतात, "जुनी गाडी सरकार जप्त करतं ना?" दहा-पंधरा वर्षांच्या मर्यादेचा तो गाजलेला वाद दिल्ली आणि आसपासचा, लातूर-नांदेडचा नाही. २०२१ च्या स्क्रॅप धोरणातही आपल्याकडची खासगी गाडी केवळ वयानं भंगारात जात नाही, ती तपासणीत पास झाली पाहिजे. पण खर्च वाढलाय. १५ वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी २०२२ पासून ६०० ची ५ हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारला १० हजार. वर पर्यावरण कर, विमा, आणि मुदत टळली असेल तर महिन्याला ५०० रुपये उशीर आकार. म्हणजे "बघू पुढच्या वर्षी" म्हणणंही फुकट नाही.

बदलाचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकात आणि कंपनीच्या मूळ नोंदीत जे आहे त्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. मान्यताप्राप्त सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट परवानगीनं चालतं, पण गल्लीतल्या गॅरेजात दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकून गावभर फिरणं बसत नाही. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न येतो तो वेगळाच.

आणि २०२१ चाच तिसरा नियम, व्हिंटेज नोंदणीचा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २० हजार, ती १० वर्षं चालते, पुढं ५ हजार. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठी.

१९८८ अधिक ५०, म्हणजे २०३८. बारा-तेरा वर्षं राहिली. आज इंजिन बदललं की ते दार बंद. आणि २०३८ ला नोंद केली की रोज चालवायचं दार बंद. म्हणजे आजीला गाडीत बसवून फिरवायचे जे दिवस आहेत, ते आत्ताचेच आहेत.

मग ठरवायचं कसं

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे कुठलाही बदल करण्याआधी एक प्रश्न विचारतात, परत फिरता येईल का? तोच प्रश्न गाडीला लावा. नवे पाइप, नवे टायर, चांगले बल्ब, सीट बेल्ट, वायरिंगला नवे फ्यूज हे सगळं उद्या काढून जुनं बसवता येतं. करा बिनधास्त. पत्रा कापणं, इंजिन बदलणं, मूळ रंग खरवडणं यातून परत फिरता येत नाही. ते शंभरदा विचार करून, आणि शक्यतो नकोच. ज्या गाडीचा पत्रा आधीच सडलाय, मूळ इंजिन कधीच गेलंय, तिला हवं तसं बदला, तिथे गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. पण शाबूत, कमी चाललेली गाडी ही दरवर्षी कमीच होत जाणार.

आमच्याकडे जे ठरलं ते असं. आधी ब्रेक, मग पेट्रोलची लाइन, मग टायर, मग पासिंग. इंजिनला हात लावायचा नाही. सुटे भाग सिकंदराबादच्या राणीगंजात नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधायचे, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवायचा. मामेभावाला ब्ल्यूटूथ स्पीकर मिळाला, डॅशबोर्डला भोक न पाडता. गाडी पंधरा दिवसांतून एकदा औशापर्यंत जाऊन येईल, इंजिन नीट तापेल एवढं अंतर. पोचा तसाच राहील. आणि तो कशाचा आहे हे आजीकडून रेकॉर्ड करून घेण्याचं काम माझ्याकडे आलंय, कारण पत्रा स्वतः बोलत नाही. सांगणारं कुणी नसेल तर तो नुसता पोचाच.

निजामाची गाडी ३५६ मैलांवर थांबली आणि त्यामुळेच टिकली. पण तिच्या मागं शंभर माणसांचा लवाजमा होता. आपल्या घरच्या गाडीमागं एक मिस्त्री आणि एक हौशी माणूस असतो. तिला टिकायचं तर तिला चालावंच लागेल.

तुमच्या घरी, वाड्यात, शेतातल्या शेडमध्ये अशी गाडी असेल तर आधी तिच्या मीटरचा आणि आरसी बुकाचा फोटो काढून ठेवा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही कुठं कुठं गेली होती? तिचं काय करायचं याचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत सांभाळून चालवा.